संधी आणि धोका : खरेदीदाराशी इंग्रजीत बोलताना शब्द मोजून वापरण्याची गरज

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र शासनाचे कृषी निर्यात धोरण जाहीर झाले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये देशभरात १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याच्या योजनेला प्रारंभ झाला. तेव्हापासून शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींच्या वाट्याला एक नवे काम आले आहे. पूर्वी माल अडत्याच्या स्वाधीन केला की शेतकऱ्याचे बोलणे संपत असे. आता संस्थेचे संचालक निर्यातदार, परदेशी आयातदार, बँक आणि प्रमाणन संस्था यांच्याशी स्वतः चर्चेस बसतात. ही चर्चा बहुधा इंग्रजीत होते आणि तिचा मोठा भाग दोनच प्रश्नांभोवती फिरतो : या व्यवहारात संधी कोणती आणि धोका कोणता?

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने भाषेविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु शेतमालाच्या चर्चेत ज्याला धोका म्हटले जाते, तो पुष्कळदा किडीचा किंवा कीटकनाशकाच्या अवशेषांचा असतो. बागेत सर्व काळजी घेतलेली असूनही चर्चेत एखादा शब्द सैल वापरल्यामुळे खरेदीदाराच्या मनात शंका उत्पन्न होते. उलट, उत्साहाच्या भरात दिलेले एखादे आश्वासन पुढे संस्थेच्या गळ्याशी येते. येथे अडचण व्याकरणाची फारशी नसते. जे जेवढे ठाऊक आहे तेवढेच, कोणत्या अटीवर आणि कोणत्या पुराव्यानिशी सांगायचे, ही शिस्त व्यावसायिक इंग्रजीत अपेक्षित असते. ती शिस्त अंगी बाणवता येते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चार कप्पे : आतले दोन, बाहेरचे दोन

व्यवसाय आराखडा तयार करताना ‘स्वॉट’ नावाची मांडणी सर्रास वापरली जाते. तिच्यात चार कप्पे असतात : स्ट्रेंग्थ म्हणजे बलस्थान, वीकनेस म्हणजे उणीव, ऑपॉर्च्युनिटी म्हणजे संधी आणि थ्रेट म्हणजे बाहेरून येणारा धोका. पहिले दोन आपल्या संस्थेच्या आतले आणि आपल्या हातातले असतात. उरलेले दोन बाहेरच्या परिस्थितीतून येतात.

प्रशिक्षणांत सर्वाधिक गोंधळ उणीव आणि धोका यांच्यात होतो. आंब्यावरील फळमाशीचे उदाहरण घेऊ. परिसरातील सर्व बागांत फळमाशीचे प्रमाण वाढणे, किंवा आयातदार देशाने तपासणी कडक करणे, हा थ्रेट होय. आपल्या सभासदांनी मिथाइल युजेनॉलचे सापळे वेळेवर न लावणे, गळलेली फळे गोळा करून नष्ट न करणे, ही मात्र वीकनेस होय. संस्थेच्या आराखड्यात ‘फ्रूट फ्लाय’ हा शब्द केवळ थ्रेटच्या कप्प्यात लिहिला गेला, तर वाचणारा त्याचा अर्थ ‘यांच्या हातात काही नाही’ असा घेतो. तीच गोष्ट दोन ओळींत विभागली, म्हणजे माशीचा प्रादुर्भाव थ्रेटमध्ये आणि सापळ्यांची अपुरी संख्या वीकनेसमध्ये नोंदविली, तर दुसऱ्या ओळीसमोर उपाय, खर्च आणि तारीख लिहिता येते. कर्ज देणारा बँक अधिकारी हीच दुसरी ओळ शोधत असतो.

‘धोका’ एक, इंग्रजी शब्द चार

मराठीतील ‘धोका’ हा शब्द मोठा सोशिक आहे. घाटातल्या वळणापासून विश्वासघातापर्यंत तो सर्वत्र चालतो. इंग्रजी चर्चेत मात्र त्याच्या जागी निदान चार वेगळे शब्द येतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही.

• हॅझर्ड : पदार्थाची किंवा स्थितीची अंगभूत घातकता. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण हीच घातकता दर्शवितो.

• रिस्क : ती घातकता प्रत्यक्षात कोणापर्यंत, किती प्रमाणात पोहोचेल याची शक्यता. हिरव्या त्रिकोणाचे औषधसुद्धा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ न पाळता फवारले, तर माल नाकारला जाण्याची रिस्क मोठी असते. त्रिकोणाचा रंग पाहून अवशेषांविषयी निर्वाळा देता येत नाही, तो याचसाठी.

• थ्रेट : अद्याप न आलेले, परंतु बाहेरून येऊ शकणारे संकट.

• इश्यू : आधीच येऊन ठेपलेली अडचण. अमेरिकन लष्करी अळी २०१८ पूर्वी भारतीय मक्यासाठी थ्रेट होती. त्या वर्षी कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात तिची नोंद झाली आणि ती इश्यू बनली.

खरेदीदाराने ‘इज देअर एनी इश्यू?’ असे विचारले, तर तो आज काय बिघडले आहे ते विचारतो. ‘व्हॉट आर द रिस्क्स?’ असे विचारले, तर पुढे काय बिघडू शकेल ते विचारतो. पहिल्या प्रश्नाला ‘नो’ हे उत्तर शोभते. दुसऱ्याला ‘नो रिस्क’ असे उत्तर दिले, तर ऐकणाऱ्याला वाटते की या मंडळींनी विचारच केलेला नाही. कारण शेतीत जोखीम नसते, हे कोणीच मान्य करणार नाही.

द्राक्षांचा धडा : ‘तपासले नाही’ आणि ‘आढळले नाही’

२०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांच्या युरोपातील व्यापाराला जबर धक्का बसला. वाढनियंत्रक म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष तेथील तपासणीत मर्यादेपेक्षा अधिक आढळले. आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्या यादीत हे द्रव्य नव्हते. म्हणजे अहवाल खोटे नव्हते, परंतु जे यादीत नव्हते त्याविषयी ते काहीच सांगत नव्हते.

या प्रसंगातून तीन वाक्प्रयोगांतील भेद कायमचा शिकून घेण्यासारखा आहे. ‘नॉट टेस्टेड’ म्हणजे त्या द्रव्याची तपासणीच केलेली नाही. ‘नॉट डिटेक्टेड’ म्हणजे तपासणी केली, पण आढळ झाला नाही. ‘बिलो एलओक्यू’ म्हणजे असलेच तर ते प्रयोगशाळा जेवढे खात्रीने मोजू शकते त्याहून कमी आहे. यांपैकी कोणत्याही शब्दाचा अर्थ ‘अवशेष शून्य’ असा होत नाही. म्हणून ‘अवर ग्रेप्स आर रेसिड्यू-फ्री’ हे वाक्य धोक्याचे आहे. त्याऐवजी ‘ऑल टेस्टेड रेसिड्यूज आर बिलो द ईयू एमआरएल’ असे म्हणावे, म्हणजे तपासलेले सर्व अवशेष युरोपीय कमाल मर्यादेच्या आत आहेत. त्यासोबत किती द्रव्यांची तपासणी झाली आणि अहवालाची तारीख कोणती, हे सांगावे.

एमआरएल हा शब्दही देशाचे नाव जोडल्याशिवाय अपुरा राहतो. आपली मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरविते, कोडेक्सची मर्यादा वेगळी असू शकते आणि युरोपीय संघाची त्याहून वेगळी. ज्या द्रव्यासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपीय संघात सामान्यतः दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. म्हणून प्रश्न विचारताना ‘विच एमआरएल अप्लाइज?’ हे तीन शब्द पाठ असावेत. काही मोठे विक्रेते कायद्याहून कडक मर्यादा स्वतः घालतात, तेही याच प्रश्नातून उघड होते.

आंब्याचा धडा : संधी अटींसह येते

आंब्याच्या निर्यातीचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक संधीमागे एक अट उभी असल्याचे दिसते. फळमाशीमुळे बंद असलेली जपानची बाजारपेठ २००६ मध्ये उघडली, ती बाष्प उष्णता प्रक्रियेच्या अटीवर. फळाच्या गराचे तापमान ४७.५ अंश सेल्सिअसवर २० मिनिटे राखावे लागते. २००७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ उघडली, ती किमान ४०० ग्रे विकिरण मात्रेच्या अटीवर. त्या वर्षीच्या फळांवर नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या विकिरण केंद्रात प्रक्रिया झाली होती.

युरोपचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाजीपाल्याच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी आढळल्या. परिणामी १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आंब्यासह वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. तपासणी व प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठविण्याचा निर्णय झाला. त्या व्यवस्थेत ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची उष्णजल प्रक्रिया महत्त्वाची ठरली.

या पार्श्वभूमीवर ‘देअर इज अ बिग ऑपॉर्च्युनिटी इन युरोप’ असे नुसते म्हणणे पोकळ ठरते. ऑपॉर्च्युनिटी या शब्दामागे ऐकणारा चार गोष्टी शोधतो : कोणता ग्राहक, किती माल, कोणता काळ आणि कोणती अट. काळासाठी ‘विंडो’ हा शब्द रूढ आहे. भारतीय द्राक्षांची युरोपातील विंडो मुख्यतः जानेवारी ते एप्रिल अशी असते, आणि ती हुकली की माल चांगला असूनही संधी उरत नाही. अटीसाठी दोन वाक्प्रयोग फार उपयोगी पडतात. ‘प्रोव्हायडेड दॅट’ म्हणजे अमुक झाले तरच. ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे अमुक गोष्टीस अधीन राहून. ‘वी कॅन सप्लाय टेन टन्स अ वीक, सब्जेक्ट टू द रेसिड्यू रिपोर्ट’ हे वाक्य दुबळे नाही. अट आधी सांगणारा पुरवठादार खरेदीदाराला अधिक भरवशाचा वाटतो.

येथे कीटकशास्त्रीय सावधगिरीची एक सूचना करावीशी वाटते. ‘अवर एरिया इज पेस्ट-फ्री’ असे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते. परंतु ‘पेस्ट-फ्री एरिया’ ही आंतरराष्ट्रीय वनस्पती स्वास्थ्य मानकांतील पारिभाषिक संज्ञा आहे. एखादा प्रदेश विशिष्ट किडीपासून मुक्त असल्याचे शास्त्रीय सर्वेक्षणाच्या आधारे सिद्ध व्हावे लागते आणि तो दर्जा देशाची अधिकृत वनस्पती संरक्षण संघटनाच राखते. शेतकरी संस्थेला तसे जाहीर करता येत नाही. आपण एवढेच म्हणावे : ‘वी मॉनिटर फ्रूट फ्लाय विथ ट्रॅप्स, अँड वी कॅन शेअर द रेकॉर्ड्स.’ दर सापळ्यामागे दररोज किती माश्या सापडल्या, ही नोंदवही त्या वेळी समोर ठेवता आली पाहिजे. ‘ऑरगॅनिक’ हा शब्दही असाच आहे. प्रमाणपत्र हाती नसेल, तर तो व्यवहारात उच्चारू नये.

बासमतीचा धडा : धोक्याच्या पोटातील संधी

भातावरील करपा रोगासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची मर्यादा युरोपीय संघाने २०१८ पासून दर किलोस १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. मर्यादा एकदम शंभरपटींनी कडक झाली. उत्तर भारतातील बासमती उत्पादकांसाठी हा उघड थ्रेट होता. त्यावर वापर थांबविणे किंवा काढणीच्या पुष्कळ आधी आटोपणे हा एक उपाय होता. दुसरा उपाय संशोधनातून आला. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ हे वाण प्रसारित केले. त्यांत करपा आणि जिवाणूजन्य करपा या दोहोंना प्रतिकार करणारी जनुके आहेत.

फवारणी कमी लागणारा वाण घेणाऱ्या शेतकऱ्याला आता तोच नियम अनुकूल ठरू शकतो, कारण जे उत्पादक नियमात बसत नाहीत त्यांची जागा रिकामी होते. इंग्रजीत हे सांगताना ‘मिटिगेट’ हे क्रियापद वापरतात. त्याचा अर्थ धोका सौम्य करणे असा आहे, समूळ नाहीसा करणे असा नाही. ‘दिस व्हरायटी मिटिगेट्स द रिस्क’ हे विधान शास्त्रालाही धरून आहे आणि व्यवहारालाही. ‘एलिमिनेट्स’ म्हटले, तर एका नमुन्यातील एका आकड्याने ते खोटे पडू शकते.

निश्चितीच्या पायऱ्या

एकात्मिक कीड व्यवस्थापन शिकताना आर्थिक नुकसान पातळी ही संकल्पना आपण सर्वांनी आत्मसात केलेली आहे. शेतात कीड दिसणे, ती नुकसानीच्या उंबरठ्यावर येणे आणि प्रत्यक्ष नुकसान होणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवरचा निर्णयही वेगळा असतो. इंग्रजी चर्चेत निश्चितीच्या अशाच पायऱ्या असतात. ‘मे’ म्हणजे होऊही शकेल. ‘इज लाइकली टू’ म्हणजे होण्याची शक्यता अधिक. ‘विल’ म्हणजे होणारच. हंगामाच्या आरंभी ‘यील्ड मे ड्रॉप’, फुलोरा पाहिल्यानंतर ‘यील्ड इज लाइकली टू ड्रॉप’ आणि फळे मोजल्यानंतर ‘यील्ड विल ड्रॉप’ असे क्रमाने सांगणारा पुरवठादार खरेदीदारास वेळीच सावध करतो. काढणीच्या आदल्या दिवसापर्यंत ‘नो प्रॉब्लेम’ म्हणत राहणारा पुरवठादार पुढच्या वर्षी बोलावला जात नाही.

आपल्या इंग्रजीतील काही रूढ प्रयोग देशाबाहेर वेगळे ऐकू जातात. त्यांची नोंद ठेवावी :

• ‘आय हॅव अ डाउट’ : आपल्याला शंका विचारायची असते. परदेशी माणसाला आपण त्याच्यावर अविश्वास दाखवीत आहोत असे वाटते. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे.

• ‘हंड्रेड पर्सेंट’ आणि ‘नो प्रॉब्लेम’ : आपल्याकडे ही सौजन्याची उत्तरे आहेत. समोरचा ती हमी म्हणून टिपून घेतो.

• ‘वी विल मॅनेज’ : यातून उपाय कळत नाही. काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते सांगावे.

• लाख, कोटी, क्विंटल, एकर : मेट्रिक टन, हेक्टर आणि मिलियन यांत रूपांतर करून ठेवावे. नुसते ‘टन’ म्हणू नये. अमेरिकी टन सुमारे ९०७ किलोचा असतो.

• अंकांत लिहिलेली तारीख : ५/३ म्हणजे आपल्याकडे ५ मार्च, तर अमेरिकेत ३ मे. महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे.

चार वाक्यांचा साचा

चर्चेत घाबरून जाण्याचे मुख्य कारण पुढचे वाक्य न सुचणे हे असते. त्यासाठी एक साधा क्रम उपयोगी पडतो : संधी, धोका, उपाय, विनंती. आंबा उत्पादक संस्थेसाठी त्याचा नमुना असा होईल.

संधी : ‘वी सी अ गुड ऑपॉर्च्युनिटी इन एप्रिल अँड मे.’ एप्रिल-मे मध्ये आम्हाला चांगली संधी दिसते.

धोका : ‘द मेन रिस्क इज फ्रूट फ्लाय आफ्टर अर्ली रेन.’ लवकर पाऊस झाल्यास फळमाशी ही मुख्य जोखीम आहे.

उपाय : ‘टू रिड्यूस इट, वी यूज ट्रॅप्स इन एव्हरी ऑर्चर्ड अँड हॉट वॉटर ट्रीटमेंट.’ ती कमी करण्यासाठी प्रत्येक बागेत सापळे आणि काढणीनंतर उष्णजल प्रक्रिया आम्ही वापरतो.

विनंती : ‘वी नीड युअर फायनल ऑर्डर बाय द फर्स्ट ऑफ मार्च.’ अंतिम मागणी १ मार्चपर्यंत मिळावी.

या चार वाक्यांत अवघड व्याकरण नाही. धोका आपणच आधी सांगितल्यामुळे चर्चेची दिशा आपल्या हाती राहते. धोक्याच्या पाठोपाठ उपाय आल्यामुळे त्याची भीती उरत नाही. शेवटच्या वाक्यात समोरच्यावरही जबाबदारी येते, आणि आपले प्रतिनिधी नेमके हेच वाक्य संकोचाने गाळतात. नमुन्यातील महिने, उपाय आणि तारखा प्रत्येक संस्थेने आपल्या पिकाप्रमाणे बदलाव्यात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हे कौशल्य गावपातळीवर रुजवायचे, तर इंग्रजी संभाषणाच्या सर्वसाधारण वर्गापेक्षा पुढील गोष्टी अधिक फळ देतील, असे वाटते.

पहिली गोष्ट, प्रत्यक्ष कागद वाचायला शिकवावे. अवशेष तपासणी अहवाल, वनस्पती स्वास्थ्य प्रमाणपत्र आणि खरेदी करार यांच्या जुन्या प्रती गटात वाचाव्यात आणि अपरिचित शब्दांचा मराठी अर्थ समासात लिहावा. अशा वीस-पंचवीस शब्दांवर चर्चेचा बराच भाग पेलता येतो.

दुसरी गोष्ट, लुटुपुटूची बैठक घ्यावी. एका सभासदाने खरेदीदार व्हावे, दुसऱ्याने संचालक. बाकीच्यांनी ‘नो प्रॉब्लेम’ किती वेळा उच्चारले गेले ते मोजावे. हसत-खेळत होणारी ही मोजणी सवय मोडण्यास पुरेशी ठरते. या सरावात महिला सभासदांना आवर्जून पुढे करावे. प्रतवारी आणि हाताळणीचा तपशील पुष्कळदा त्यांनाच अधिक ठाऊक असतो.

तिसरी गोष्ट, थांबण्याचा हक्क शिकवावा. ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. दुभाषा मागण्यातही नाही. न समजलेल्या अटीला मान डोलावणे मात्र महागात पडते. बैठक संपल्यावर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टी चार ओळींच्या ईमेलने कळवाव्यात. ‘अ‍ॅज डिस्कस्ड टुडे’ या शब्दांनी आरंभ होणारा असा ईमेल पुढे वाद झाल्यास आधार होतो.

चौथी गोष्ट, बोलणे आणि नोंदवही यांची सांगड घालावी. फवारणीची तारीख, मात्रा, प्रतीक्षा काळ आणि सापळ्यांतील माश्यांची संख्या या नोंदी नसतील, तर उत्तम इंग्रजीही दुसऱ्याच प्रश्नाला अडखळते. द्राक्षांसाठी अपेडाने उभारलेल्या ग्रेपनेटसारख्या प्रणालीत बागेची नोंदणी आणि तपासणीची माहिती जोडलेली असते. तिचा संदर्भ देता आला, तर शब्दांना वजन येते.

बागेत निगा राखलेली नसेल, तर कोणतीही भाषा ती उणीव झाकू शकत नाही, आणि झाकण्याचा प्रयत्नही करू नये. परंतु ज्या शेतकऱ्याने वर्षभर निगराणी केली, नोंदी ठेवल्या आणि मर्यादा पाळल्या, त्याचा माल केवळ एका सैल वाक्यामुळे मागे पडावा, हे आपणा सर्वांचेच नुकसान आहे. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक शेतकरी उत्पादक संस्थेने आपल्या पिकासाठी संधी, धोका, उपाय आणि विनंती अशी चार वाक्ये लिहून काढावीत, आकडे नोंदवहीशी ताडून पाहावेत आणि ती निदान दोन सभासदांना सहज बोलता येतील एवढा सराव करावा. कृषी विज्ञान केंद्रांतील सहकाऱ्यांनी या कामात त्यांच्यासोबत बसावे, ही विनंती.